अधिकच्या खालची रेघ

शकू,

आज साहेबांना मी तोंडावर 'नाही' म्हणून आले. परवा तुझी तेरवी झाली, आज माझा त्यानंतरचा कचेरीतला पहिला दिवस, आणि खुर्चीला पाठ टेकायच्या आत भांडण. तू असतीस तर पदर खोचून माझ्या बाजूला उभी राहिली असतीस. मग बाहेर व्हरांड्यात आल्यावर मलाच झापलं असतंस, की साहेबाशी असं बोलतात का म्हणून.

भांडण तुझ्याच अहवालावरून झालं. कापसाच्या वाणांच्या चाचण्यांचा अहवाल, ज्याच्यासाठी तू एस्टीने गावोगावची शेतं हिंडलीस. आकडेमोड तू पुरी केलीस, मजकूर पुरा केलास, आणि आलेख अर्धे टाकून गेलीस. म्हणजे रेघा सगळ्या आहेत. तुझ्या लाडक्या प्लॉटरने पेन धरून त्या सर्रकन काढून दिल्या आहेत. नाहीत ती अक्षरं आणि चिन्हं. कॉम्प्युटरला जोडलेल्या त्या यंत्राला मुळात इंग्रजीची मोठी अक्षरं तेवढी येतात. मराठी त्याला अजून धड येत नाही, आणि अधिक-उणेची खूण आली की तिथे कोरी जागा सोडून ते खुशाल पुढे जातं.

साहेब म्हणाले, "प्रभाबाई, झालं ते फार वाईट झालं. पण अहवाल या महिन्यात छापायला गेला पाहिजे. आलेख आहेत तसे जाऊ द्या. मराठी नसेल तर नसू द्या, ते अधिक-उणेही राहू द्या. सरासरी दिसते आहे ना? पुरे."

मी म्हटलं, "साहेब, हे आलेख असे जाणार नाहीत."

"का?"

"कारण ते असे गेले तर खोटं बोलतील. आणि शकूच्या नावावर खोटं मी छापू देणार नाही."

साहेब वाईट माणूस नाही, तुला माहीत आहे. पेपरवेट बाजूला ठेवून म्हणाले, महिनाअखेरपर्यंत जमवा, नाहीतर जसे आहेत तसे जातील. मी बाहेर आले ती रागातच. रडू मात्र अजून आलेलं नाही. तेरवीला तुझ्या घरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या, की ही एवढी जीवाभावाची मैत्रीण आणि डोळ्यांत पाणी कसं नाही. त्यांना काय सांगू? माझ्या डोक्यात त्या वेळी तुझे आलेख होते.

साहेबांसारख्या शिकलेल्या माणसालाही हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं, याचा तुला किती संताप यायचा. सरासरी एकटी सोडायची नाही, हा तुझा धर्म. "सरासरी म्हनजे कोनाच एकाच्या वावरातलं पीक नसते वं," तू म्हणायचीस. "कोनाले जास्त होते, कोनाले कमी. किती जास्त, किती कमी, हे नाई सांगितलं तर मंग आपन त्याले फसवून राहिलो." त्यासाठी सरासरीच्या आकड्यापुढे ती खूण हवी, अधिकचं चिन्ह आणि त्याच्या खाली एक आडवी रेघ. समजा, दहा अधिक-उणे दोन. म्हणजे बारा मिळतील तसे आठही मिळतील, दादा, आठाची तयारी ठेव. एवढीच गोष्ट. पण ती खालची बोटभर रेघ राहावी म्हणून आपण दोघींनी उभा जन्म काढला असं म्हटलं तरी चालेल.

आपली पहिली भेट आठवते? तू एम.एस्सी. होऊन नुकतीच लागली होतीस. मौद्याच्या पुढच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी, केसांना तेल चोपडलेलं, आणि कचेरीतल्या पुरुषांशी बोलताना मान खाली न घालणारी. मी आधीपासून होते, आरेखक म्हणून. आमचं घर नागपूरच्या महाल भागातलं, पिढ्यानपिढ्या कारकुनीचं. सुंदर अक्षराचं आमच्याकडे देवासारखं कौतुक. चित्रकला शाळेतून पास होऊन आलेली मी, माझ्या अक्षराला कुणी नावं ठेवलेली नव्हती.

तुझा पहिला आलेख मी ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईने काढला. शीर्षकाच्या अक्षरांना बारीक-जाड वळणं, उभ्या अक्षाला एक नाजूक बाण. तू बघितलास. "मस्त आहे वं," म्हणालीस. मग तो उचललास, व्हरांड्याच्या पार टोकाला गेलीस आणि दोन टाचण्यांनी भिंतीवर टोचलास. परत माझ्यापाशी येऊन उभी राहिलीस. "आता वाच."

मला काही वाचता येईना. बाण तर दिसतही नव्हता.

"छापायचा ब्लॉक बनवताना हे एवढालं चित्र पोस्टकार्डाएवढं होनार. तेव्हा गावातल्या मानसाले हे इतकंच दिसनार, जितकं तुले आता दिसून राहिलं."

मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं की आमच्याकडे एक खेडवळ बाई आली आहे आणि ती मला अक्षर शिकवते आहे. पण दुसऱ्या दिवशी मी आलेख पुन्हा काढला, जाड निबाने, मोकळ्या अक्षरांत. तेव्हापासून तो आपला रिवाजच झाला. कागद व्हरांड्याच्या टोकाला लागल्याशिवाय आणि आपण दोघींनी तो या टोकावरून मोठ्याने वाचल्याशिवाय कचेरीबाहेर गेला नाही. नवीन आलेले लोक बघत राहायचे, की या दोन बाया भिंतीकडे बघून पाढे म्हटल्यासारखं काय म्हणतात.

आणि तो कूलर. मे महिन्यात सगळ्या कचेरीला जीव की प्राण असलेला कूलर. त्याच्या ओल्या वाऱ्याने ट्रेसिंग कापडाला पोळी फुगावी तसे फुगे यायचे, शाई पसरायची. तू सरळ जाऊन बटण बंद करायचीस. हेडक्लार्क हात जोडायचा, "बाई, दया करा, मरून जाऊ." तू म्हणायचीस, "मरा ना मंग, पन कापड भिजवू नका." नागपूरच्या उन्हात सगळ्यांनी आपल्याला जेवढ्या शिव्या दिल्या असतील तेवढ्या आपल्या सासरच्यांनीही दिल्या नसतील. तू कामठीहून बसने येताना कोथिंबीर ठासून भरलेली, तळलेली सांबारवडी आणायचीस आणि दुपारी सगळ्यांना वाटायचीस, तेव्हा कुठे तह व्हायचा. फक्त मला हातात द्यायची नाहीस. माझ्या बोटांना तेल लागलं तर कापडावर डाग पडेल म्हणून मला स्वतःच्या हाताने भरवायचीस, सगळ्यांसमोर. मी लाजेने अर्धी व्हायचे.

मग ते पत्रक छापलं गेलं, कापसाच्या नव्या वाणाचं. त्याची गोष्ट मी कुणालाही सांगितली की तू उठून जायचीस. आज तुला उठून जाता येणार नाही, म्हणून सांगते.

आलेख मी काढला, तू तपासलास, व्हरांड्यात लावून आपण वाचला. अधिकच्या खाली रेघ होती, ठसठशीत होती. इतवारीत ब्लॉक बनायला गेला, छापून आला आणि गावोगाव वाटला गेला. आपण दोघी दुसऱ्या कामाला लागलो, छापील प्रत कुणी बारकाईने बघितलीच नाही. पुढच्या हंगामानंतर तुझे काकाजी कामठीला तुझ्या घरी आले, पत्रकाची गुंडाळी हातात घेऊन. मी त्या दिवशी तुझ्याकडे हळदीकुंकवाला आले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं.

काकाजी ओरडले नाहीत. ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि पत्रक तुझ्यापुढे पसरलं. "हे पाय बाई. तुह्या कागदात लिहिलं होतं, इतकं, आनि वरून अधिक इतकं. मी दोन्ही मिळवलं. गावातल्या मानसाईले बी मीच मिळवून सांगितलं, का माह्या पुतनीच्या ऑफिसचा कागद आहे म्हनून. पीक तेवढं झालंच नाई. चुकलं काय माह्यं?"

तू कागद उचलून डोळ्यांजवळ नेलास. अधिकचं चिन्ह होतं. खालची रेघ नव्हती. एकाही आकड्यापुढे नव्हती.

काकाजींची बेरीज बरोबर होती. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने समोर होतं ते वाचलं आणि नीट मिळवलं. तू पत्रक खाली ठेवलंस. त्यांच्या पायाशी बसून राहिलीस आणि मी तुला पहिल्यांदा रडताना पाहिलं. काकाजीच उलट तुझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "राहू दे वं माय, खायापुरतं झालं. लोकं हासतात, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी आपण दोघी इतवारीत. ब्लॉकवाल्याच्या दुकानात जस्ताच्या पत्र्यावर वाकून बसलेला तो म्हातारा कारागीर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तू ओरडलीस. त्याने शांतपणे ब्लॉक शोधून आणला, बघितला आणि म्हणाला, "मॅडम, प्लस के नीचे हर जगह कचरा आया था. मैंने खुद बैठ के निकाला. एक-एक छीला. दो घंटा लगा."

त्याला अभिमान होता त्याचा. आपल्याकडून शाबासकी येईल असं वाटत होतं त्याला. मी तोंडाला पदर लावला, कारण मला हसू फुटत होतं आणि तुझ्यासमोर हसणं म्हणजे मरण. तू ब्लॉक हातात घेऊन बघितलास. मग त्याच्याच बाकावर बसलीस आणि त्याला अधिक-उणे म्हणजे काय ते समजावलंस, काकाजींच्या पिकाचं उदाहरण देऊन. त्याने चष्मा काढला. "तो ये लकीर गिरा दी तो आदमी फँस गया?" म्हणाला. त्यानंतर त्याच्या दुकानातून आपला एकही ब्लॉक आधी आपल्याला दाखवल्याशिवाय गेला नाही, आणि तो गेला तेव्हा त्याच्या मुलानेही तेच चालू ठेवलं.

तुझा स्वभाव तिथे बदलला. पूर्वी तू मोकळी होतीस, चुकलं तर चुकलं म्हणायचीस. त्या दिवसानंतर चिन्हांच्या बाबतीत तू राक्षसीण झालीस. मुंबईहून ती घासून चिकटवायची तयार अक्षरं आली, चमच्याच्या पाठीने घासायची, तेव्हा मी खूश होते. पण त्यात ग्रीक अक्षरांचा तुटवडा, आणि आपल्या उन्हाळ्यात ती तडकून गळायची. एकदा सिग्मा सुटून पडला तर तू मला तो शोधायला जमिनीवर बसवलंस. भिंगातून फरशी बघणारी मी, आणि वरून तू, "प्रभे, तो सिग्मा नाई सापडला तर आकड्याले अर्थ काय राहिला?" मी म्हटलं होतं, माझ्या गुडघ्यांना काय अर्थ राहिला ते सांग आधी. तरी सापडला, टेबलाच्या पायाला चिकटलेला. मला तुझा राग यायचा, शकू. फार यायचा. आणि तुझ्याइतकं मनापासून माझं काम दुसऱ्या कुणीही कधी बघितलं नाही. माझ्या नवऱ्याने नाही, मला अक्षराची बक्षिसं देणाऱ्यांनी नाही. तू माझी एकेक रेघ बघायचीस. हे तुला एकदाही बोलून दाखवलं नाही. आपल्यात असं काही बोलायची पद्धतच नव्हती.

आता त्या प्लॉटरचं. तो आला आणि आपलं खरं भांडण सुरू झालं, जे संपलेलं नाही.

तू त्याच्यावर भाळलीस. चौकटीत कागद घट्ट बसतो, पेन आपोआप सरकतं, वक्र रेघ एका दमात. "हा थकत नाई, ह्याले राग येत नाई," तू माझ्याकडे बघून म्हणालीस. मी म्हटलं, त्याची अक्षरं बघ, मेलेली आहेत, सगळी एका मापाची, जणू सरकारी शाळेतली पोरं रांगेत उभी. "आनि मराठी तर त्याले येतच नाई," मी तुझीच नक्कल करत म्हटलं. तू म्हणालीस, "येत नाई तर शिकवू."

आणि खरंच शिकवायला बसलीस. तुझी युक्ती अशी होती, की आलेखाच्या कागदावर अक्षर मोठं काढायचं, त्याच्या वळणावरचे बिंदू चौकोन मोजून टिपायचे, आणि ते आकडे कॉम्प्युटरला द्यायचे. इथून पेन खाली टेकव, तिथपर्यंत ने, वर उचल, पुन्हा टेकव. असं एकेक अक्षर. त्यासाठी तू मला म्हणालीस, तुझ्या हातची बाराखडी काढून दे. मी नाही म्हटलं. माझं अक्षर यंत्राच्या गळ्यात बांधणार नाही म्हटलं. तू कपाट उघडलंस. माझे जुने आलेख काढलेस, त्यांच्यावर चौकोनी कागद ठेवून माझीच अक्षरं माझ्या नकळत उचललीस. एक दिवस मेश्रामने, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवाल्याने, हाक मारली आणि मी गेले तर यंत्र माझ्या वळणाचा 'क' काढत होतं. थेट माझा. पोटाला जरा जास्त गोल, जसा माझ्या आईने मला गिरवायला दिला होता तसा.

मी तुझ्याशी त्यानंतर कितीतरी दिवस नीट बोलले नाही. चोरी म्हटलं मी त्याला.

आता खरं बोलायचं तर, ते भांडण यंत्राचं नव्हतंच. माझा हात कापायला लागला होता. पहिल्यांदा तो कापला तेव्हा तू समोर होतीस. लांब सरळ रेघेच्या शेवटी पेन जरासं हललं आणि मी पटकन ब्लेडने खरवडून टाकलं. तू बघितलंस आणि खिडकीबाहेर बघायला लागलीस. मला कळलं की तुला कळलं. डॉक्टरने वयाचं आहे म्हणून सांगितलं, पण बोटांवर पोट असणाऱ्या माणसाला वयाचं आहे म्हणणं म्हणजे काय, हे त्याला काय माहीत. त्याच महिन्यात तू अक्षरं टिपायला बसलीस. मी थांबले तरी माझं अक्षर थांबू नये, म्हणून तो खटाटोप होता. तू ते सांगितलं नाहीस, मी ते विचारलं नाही, आणि दोघी प्लॉटरवरून भांडत राहिलो. माझा हात जाईल म्हणून तू सोय करत बसलीस, आणि गेलीस तू. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही.

दवाखान्यात तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. भाऊजी बाहेर औषधाच्या रांगेत होते. मला वाटलं, काहीतरी पोराबाळांचं बोलशील, त्यांच्याकडे लक्ष दे म्हणशील. तू म्हणालीस, "प्रभे, ळ चं वळन तुह्यासारखं येऊन नाई राहिलं. तू पाहून घेशील."

मी म्हटलं, "आधी बरी हो, मग ळ ला बघू."

"काहून? ळ थांबते काय माह्यासाठी?"

हेच आपलं शेवटचं बोलणं. एवढ्या वर्षांच्या मैत्रीचा शेवट 'ळ'वर झाला. मी तुझा हात हातात घ्यायला हवा होता, तर मी तुझी चादर नीट करत बसले.

इथवर लिहून मी बाजूला ठेवलं होतं. मधे बरेच दिवस गेले. आज पुढचं लिहिते, कारण आज सांगण्यासारखं झालं.

साहेबांशी भांडले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मेश्रामच्या खोलीत जाऊन बसले. त्याला म्हटलं, शिकव. तो चपापला. "बाई, तुम्ही तर याच्या तोंडाकडे बी पाहत नव्हत्या." म्हटलं, आता पाहते. त्याने तुझे सगळे चौकोनी कागद काढून दिले. स्वर झालेले, व्यंजनं बहुतेक झालेली, जोडाक्षरं जवळजवळ सगळी राहिलेली. आणि जोडाक्षरांशिवाय तुझा अहवाल पुढे सरकत नाही. क्विंटल म्हणू नको, हेक्टर म्हणू नको, 'सर्वात जास्त'मधला रफार म्हणू नको, सगळीकडे जोडाक्षरं.

मी पेन्सिल घेतली आणि भीत भीत पहिलं जोडाक्षर काढलं. हात हलला. खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा हलला. मग एकदम लक्षात आलं, की हलला तरी बिघडत नाही. रेघ यंत्रच काढणार आहे. मला फक्त वळणावरचे बिंदू कुठे पडले पाहिजेत तेवढं ठरवायचं आहे, चौकोन मोजून. त्याला हात लागत नाही. नजर लागते, आणि ती माझी अजून शाबूत आहे. हे तू मला का सांगितलं नाहीस, भवाने? की सांगितलं होतंस, आणि मी ऐकून घेतलं नाही?

मग मी थांबलेच नाही. घरी, नंदनवन वस्तीत, स्वयंपाक उरकला की चौकोनी कागद घेऊन बसायचे. नवरा म्हणाला, आता भरतकाम सुरू केलंस का? म्हटलं, हो, तसंच समज. मेश्राम आकडे टाकायचा, मी शेजारी उभी. क्वि आला, क्ट आला. रफार पहिल्यांदा डोक्यावरून उडून भलत्या अक्षरावर जाऊन बसला, तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो आणि मग मेश्रामची नजर बाजूला गेली. तुझी खुर्ची तिथेच आहे ना, त्याच्या टेबलाला लागून. ळ चं मी बघितलं. तू मधली गाठ फार आवळली होतीस. माझ्या ळ ची गाठ सैल असते, चहाच्या कपाच्या कानासारखी. सोडवली. आता बरोबर येतो.

आणि शकू, अधिक-उणे. तुझ्या कागदांच्या गठ्ठ्यात ते सगळ्यात वर होतं. बाराखडीच्याही आधी तू ते चिन्ह टिपलं होतंस. मला ते बघून भरून आलं, आणि मग दुसऱ्याच क्षणी मी कपाळाला हात लावला. तू खालची रेघ अधिकच्या उभ्या दांड्याच्या फार जवळ ठेवली होतीस. मोठ्या कागदावर सुरेख दिसतं. पण तेच लहान केलं की मधल्या फटीत शाई भरणार आणि रेघ दांड्याला चिकटून बसणार. मग ना ते अधिक, ना अधिक-उणे. ज्या रेघेसाठी तू इतवारीतल्या म्हाताऱ्यावर ओरडलीस, ती तू स्वतः बुडवायला निघाली होतीस. मी ती खाली सरकवली. मेश्रामने विचारलं, "बाईंनी केलेलं बदलायचं?" म्हटलं, बदल.

आज सगळे आलेख निघाले. मी एकेक व्हरांड्याच्या टोकाला लावला आणि या टोकाला येऊन वाचला. मोठ्याने वाचला, एकटीने. मधे हेडक्लार्क येऊन शेजारी उभा राहिला आणि तोही वाचायला लागला. त्याला चष्म्याशिवाय दिसत होतं. मग साहेबही बाहेर आले. त्यांनी सगळे आलेख बघितले आणि म्हणाले, "हे अक्षर तर तुमचंच आहे, प्रभाबाई. परत हाताने काढलेत की काय?"

तिथे मात्र मला रडू आलं. सगळ्यांसमोर, भर दुपारी. तेरवीला न आलेलं सगळं आलं. हेडक्लार्कने जाऊन पाणी आणून दिलं.

एक काम राहिलं होतं. आपल्या प्रत्येक आलेखाच्या खाली उजव्या कोपऱ्यात त्या दोन चौकटी असतात, 'काढले' आणि 'तपासले'. एवढी वर्षं पहिलीत मी सही केली आणि दुसरीत तू. साहेब म्हणाले, 'काढले'मध्ये तुम्ही सही करा, 'तपासले'मध्ये मी करतो.

मी म्हटलं, "नाही साहेब. हे काढलंय तिने. यंत्राला हात तिने दिला."

"पण गेलेल्या माणसाचं नाव..."

"गेलेल्या माणसाचं कामही आहे ना त्यात."

साहेबांनी पेन माझ्या हातात दिलं. 'काढले'च्या चौकटीत मी तुझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. मग 'तपासले'ची चौकट. तिथे मी कधी सही केली नव्हती, ती तुझी जागा. मला वाटत होतं, तिथे माझं नाव लिहिलं म्हणजे तू खरंच नाहीस असं होईल. पण मी तपासलंय, शकू. एकेक अक्षर तपासलंय, तुझी एक चूक काढलीय आणि सुधारलीय. कामात कसूर केलेली नाही. मी सही केली. हात कापला आणि शेवटची रेघ वेडीवाकडी गेली. मेश्राम ब्लेड घेऊन पुढे आला, खरवडून देतो म्हणाला. मी त्याला राहू दे म्हटलं, आणि शाई वाळेपर्यंत तिथेच उभी राहिले.